एकाचा अपराध आणि सर्वांस दंड

एका मनुष्यानें अपराध केला असतां त्याचा दंड कोणास व्हावा? हा प्रश्न इतका सोपा दिसतो कीं, शाळेंतील लहान मूलही त्याचें उत्तर चटकन् देईल: ज्यानें केलें त्यास. न्यायाधीश हेंच सांगतो, गांवचे पंच हेंच सांगतात, आणि शांत चित्तानें ओट्यावर बसलेला प्रत्येक गृहस्थ हेंच सांगतो. तथापि आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर असें दिसून येतें कीं, मन खवळलें म्हणजे हें सोपें उत्तर आपण विसरतों. तेव्हां अपराध्याचें नांव मागें पडतें, त्याच्या जातीचें किंवा धर्माचें नांव पुढें येतें, आणि ज्यानें कांहींच केलें नाहीं अशा शेजाऱ्याच्या दारीं जमाव जाऊन उभा राहतो. असें कां होतें, आणि तें टाळण्याचा मार्ग कोणता, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं सायंकाळीं दिल्ली येथें महात्मा गांधींचा खून झाला. खून करणारा नथुराम गोडसे हा पुण्याचा राहणारा असून जातीनें ब्राह्मण होता, हें कळतांच मुंबई, पुणें, नागपूर वगैरे शहरांत दंगे सुरू झाले. सातारा जिल्ह्यांत आणि त्यास लागून असलेल्या संस्थानांत तर ही आग खेड्यापाड्यांपर्यंत गेली. त्या काळीं आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यांतच मोडत असे, आणि सांगली, मिरज, जत, औंध हीं निरनिराळीं संस्थानें होतीं. दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा १९४९ सालीं झाला, आणि त्यास सांगली हें नांव १९६० सालीं मिळालें. ह्या सर्व मुलखांत जमाव गांवोगांव फिरून ब्राह्मणांचे वाडे व घरें पेटवूं लागले. शेंकडों घरें भस्म झालीं. कांहीं ठिकाणीं माणसेंही मारलीं गेलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकर ह्यांचा चित्रपटाचा स्टुडिओ जळाला. आटपाडीकडील माडगूळ गांवचे लेखक व्यंकटेश माडगूळकर ह्यांनीं पुढें ह्याच प्रसंगावर ‘वावटळ’ नांवाची कादंबरी लिहिली. जुनीं माणसें ह्या गोष्टीस ‘अठ्ठेचाळीसचें जळित’ म्हणत आलीं, आणि तो शब्द अजून लोकांच्या बोलण्यांत आहे.

आतां विचार करा. जीं घरें जळालीं त्यांत दिल्लीस जाऊन पिस्तूल चालविणारा कोण होता? कोणी पंचांग सांगून पोट भरणारा भिक्षुक होता, कोणी गांवच्या पोरांस मुळाक्षरें शिकविणारा मास्तर होता, कोणी विधवा होती. गांधीजींस मनापासून मानणाऱ्यांचीं घरेंही त्यांत होतीं. आणि जाळणारे कोण? ज्यांच्या घरीं गांधीजींचें नांव भक्तीनें घेतलें जात होतें, असेच पुष्कळ. ज्या पुरुषानें जन्मभर अहिंसा शिकविली, त्याच्या मरणाचा सूड अग्नीनें घेतला गेला. शिवाय हा तो सातारा जिल्हा कीं, ज्यानें १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे सोबती ह्यांच्या पुढारपणाखालीं प्रतिसरकार चालविलें, आणि गांवोगांव न्यायनिवाडे करून दाखविले. साक्षीपुरावा पाहून निवाडा कसा करावा हें येथील लोकांस ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. मग एका आठवड्यांत तें सारें कोठें गेलें?

“लोक दुष्ट झाले” एवढें म्हणून आम्ही मोकळें होऊं इच्छीत नाहीं. दुष्टपणा सर्वांच्याच मनांत वसतो. तो कोणत्या वाटेनें बाहेर येतो तें पाहिलें पाहिजे. आमच्या मतें ह्या अनर्थाचीं मुळें तीन आहेत.

पहिलें मूळ हें कीं, आपण मनुष्यास त्याच्या स्वतःच्या नांवानें ओळखत नाहीं, तर त्याच्या जमातीच्या नांवानें ओळखतों. ही खोड १९४८ सालीं उत्पन्न झाली नाहीं. ती फार जुनी आहे, आणि तिचे चटके आमच्या वाचकांच्या वाडवडिलांस इतरांहून अधिक बसलेले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें बालपण साताऱ्यास गेलें. १९०१ सालीं ते नऊदहा वर्षांचे असतां भावंडांसह वडिलांकडे जाण्यास निघाले. वडील त्या वेळीं ह्याच जिल्ह्यांत दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलें मसूर स्टेशनावर उतरलीं. न्यावयास कोणी आलें नव्हतें. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर मायेनें चौकशी करूं लागला. परंतु आम्ही महार आहों असें मुलांच्या तोंडून निघतांच त्याची मुद्रा पालटली व तो आंत निघून गेला. गाडीवाले दुप्पट भाडें मिळत असतांही त्यांस गाडींत घेण्यास तयार होईनात. अखेर मुलांनीं स्वतः गाडी हांकावी व गाडीवानानें बाजूनें चालावें, ह्या अटीवर गाडी मिळाली. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, एका क्षणापूर्वीं तीं मुलें मुलें होतीं, आणि एक शब्द ऐकतांच तीं नाहींशीं होऊन त्यांच्या जागीं जात उभी राहिली. मुलांचे कपडे तेच, बोलणें तेंच, वयही तेंच; पालटली होती ती पाहणाऱ्याची नजर.

सरकारनेंही हीच रीत चालविली. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा म्हणून एक कायदा झाला, आणि तो पुढें मुंबई इलाख्यासही लागू करण्यांत आला. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी इत्यादि जमातींत जन्मास आलेला मनुष्य जन्मतःच चोर ठरविला गेला. त्यानें कांहीं चोरलें असो वा नसो, पोलिसांपुढें हजेरी ही दिलीच पाहिजे. हा कायदा ता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. पण कोठें चोरी झाली कीं पहिल्यानें पारध्याच्या पालावर जाण्याची संवय अद्यापि सुटलेली नाहीं. तसेंच १९४२ च्या चळवळींत कोणी तारा तोडल्या, कोणी स्टेशन जाळलें, म्हणून ब्रिटिश सरकारनें देशांत ठिकठिकाणीं सबंध वस्तीवर सामुदायिक दंड बसविला. त्या वेळीं आपल्या लोकांनीं योग्य तेंच म्हटलें कीं, करणाऱ्यास धरा, सबंध गांवास कां दंड करितां? हा प्रश्न इंग्रज सरकारास विचारणाऱ्या मुलखानें सहा वर्षांनंतर तो स्वतःस विचारला नाहीं, ही मोठ्या खेदाची गोष्ट होय.

दुसरें मूळ हें कीं, खरें गाऱ्हाणें फार दिवस न मिटतां तसेंच पडून राहिलेलें असतें. जळितास कांहींच कारण नव्हतें, सर्व गांव सुखानें एकत्र नांदत होता, असें म्हणणें सत्यास सोडून होईल. गांवचें दप्तर पिढ्यान् पिढ्या कुलकर्ण्याच्या हातीं असे, आणि कुलकर्णी बहुतेक ब्राह्मण असे. कूळ अंगठा उठवी. कागदावर काय लिहिलें आहे तें त्यास वाचतां येत नसे. देवळाची पायरी, विहिरीचें पाणी, शाळेचा वर्ग, सरकारी कचेरीची खुर्ची, ह्या सर्वांवर जन्माचा पहारा होता. महात्मा जोतीराव फुले ह्यांचें मूळ गांव कटगुण हें सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांतलेंच. त्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि पुढें त्याचा प्रसार ह्याच मुलखांत पुष्कळ झाला. १८९९ च्या सुमारास कोल्हापुरांत वेदोक्ताचें प्रकरण उपस्थित झालें, आणि राजासही शूद्र लेखणारी वृत्ति उघडी पडली. त्यानंतर १९०२ सालीं शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांतील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा राखून ठेविल्या. असें हें गाऱ्हाणें खरें होतें, जुनें होतें, आणि बऱ्याच अंशीं न फिटलेलें होतें.

कर्जाचीही गोष्ट अशीच. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं कुणब्यांनीं सावकारांवर उठाव केला, व तो पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. तो मुख्यतः बाहेरून येऊन राहिलेल्या मारवाडी व गुजर सावकारांवर होता, आणि “परक्यानें लुटलें” ही भावना त्यांत होती. परंतु त्या जमावास हवे होते ते कर्जरोखे. ते हातीं आले कीं त्यांची होळी करून लोक परतत, आणि माणसांस मोठी इजा सहसा होत नसे. त्यानंतर चौकशी बसली, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा होऊन तो पुणें, अहमदनगर, सोलापूर व सातारा ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. रोख्यावर काय लिहिलें आहे एवढेंच न पाहतां, खरोखर घेतलें किती व फेडलें किती हेंही पाहण्याची मुभा कोर्टास मिळाली. १८७५ चा उठावही कायदेशीर नव्हता, आणि त्याची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्यांत आणि १९४८ च्या जळितांत एक भेद आहे. पहिल्यानें गाऱ्हाण्याच्या कागदास हात घातला. दुसऱ्यानें, घरांत असा कांहीं कागद आहे कीं नाहीं हें न पाहतांच घर जाळलें.

तिसरें मूळ म्हणजे आवई, आणि आवईवर आपली पोळी भाजून घेणारे लोक. १९४८ सालीं अमक्या गांवीं गांधींच्या खुनानंतर पेढे वाटले, साखर वाटली, अशी बातमी गांवोगांव उठली. एखाद्या ठिकाणीं कोणी मूर्खानें तसें केलेंही असेल; पण जो गांव पेटला तेथील मनुष्यानें तें केलें होतें काय, हें विचारण्यास कोणी थांबला नाहीं. जमावाच्या पुढें चालणारे तरुण पुष्कळदां परगांवचे असत, आणि मागून जाणाऱ्यांत भांडीं व धान्य उचलून नेणारेही असत. राग एकाचा, लाभ दुसऱ्याचा, आणि नुकसान तिसऱ्याचें, असा हा प्रकार होता.

ही गोष्ट जुनी झाली असें वाटत असेल तर अलीकडचीं दोन उदाहरणें पाहा. सप्टेंबर २००९ मध्यें मिरजेस गणेशोत्सवांत उभारलेल्या एका कमानीवर अफजलखानाच्या वधाचें चित्र होतें. त्यावरून वाद होऊन दगडफेक झाली, संचारबंदी लागली, विसर्जन रखडलें, आणि दंगलीचें लोण सांगली व इचलकरंजीपर्यंत गेलें. साडेतीनशें वर्षांपूर्वीं दोन सरदारांत जें झालें, त्याचा निवाडा आज भाजी विकणाऱ्या व रिक्षा चालविणाऱ्या शेजाऱ्यांत करावयाचा काय? पुढें ता. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं खटाव तालुक्यांतील पुसेसावळी येथें मोबाईलवर पसरलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव चालून गेला. दुकानें व गाड्या जाळल्या, मशिदीवर हल्ला झाला, आणि प्रार्थनेस आलेला एक तरुण प्राणास मुकला. कांहीं दिवस जिल्ह्यांतील इंटरनेट बंद ठेवावें लागलें. मजकूर कोणीं लिहिला हें शोधण्याचें काम पोलिसांचें होतें, आणि त्यास वेळ लागतो. जमावास वेळ नव्हता. आवई पूर्वीं पायीं चालत येत असे व वाटेंत तिला अडविण्यास एखादा शहाणा भेटत असे. आतां ती एका क्षणांत शंभर गांवीं पोहोंचते.

ह्या तीन मुळांपैकीं एकटें कोणतेंही एवढा वृक्ष उभा करूं शकत नाहीं. गाऱ्हाणें असून मनुष्यास नांवानें ओळखण्याची रीत असती, तर लोक कचेरींत गेले असते. आवई उठूनही गाऱ्हाणें फिटलेलें असतें, तर ती ऐकून लोक घरीं बसले असते. तीनही एकत्र आलीं म्हणजे काडी ओढणारा कोणीही पुरतो. आमच्या समजुतीप्रमाणें ह्यांतील मुख्य गोष्ट ही आहे: दोन निरनिराळे हिशेब एका वहींत लिहिले जातात. एक हिशेब गुन्ह्याचा. तो ज्यानें गुन्हा केला त्याच्याकडून वसूल व्हावयाचा. दुसरा हिशेब जुन्या अन्यायाचा. तो कायद्यानें, शिक्षणानें आणि हक्कांच्या वाटणीनें मिटावयाचा. हे दोन मिसळले कीं निरपराधी मनुष्य गुन्ह्याचा देणेकरी होतो, आणि अन्यायाचें खरें देणें तर तसेंच राहतें.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, हें बोलणें पोट भरलेल्यांचें आहे. ज्यांनीं शेंकडों वर्षें सोसलें, त्यांनीं अजून किती वाट पाहावी? आग लागली म्हणून तरी सत्ता हातची गेली, जमिनी सुटल्या.” ह्या म्हणण्याची शहानिशा करूं. जळितानंतर पुष्कळ ब्राह्मण कुटुंबें गांव सोडून पुण्यामुंबईस गेलीं व कित्येकांनीं पडेल भावानें जमिनी विकल्या, हें खरें. परंतु विकलेली जमीन ज्याच्या गांठीं पैसा होता त्यास मिळाली. ज्याच्यापाशीं पैसा नव्हता त्या भूमिहीन महारामांगाच्या पदरांत काय पडलें? कूळ मालक झालें तें आगीनें नव्हे, तर कायद्यानें. मुंबई सरकारनें १९४८ सालीं कुळांचा कायदा केला, १९५६ सालीं त्यांत सुधारणा केली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून त्या दिवसापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक धरला. त्याआधीं १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें रद्द होऊन दप्तर पगारी तलाठ्याकडे गेलें. ह्या कायद्यांनीं मालकाची जात विचारली नाहीं. जमीन कोणाची आणि कसतो कोण, एवढेंच विचारलें. म्हणून मराठा मालकाच्या जमिनीवरील कुळासही त्यांचा आधार मिळाला. ह्या कायद्यांच्या अंमलबजावणींत पळवाटा राहिल्या, आणि भूमिहीनांचा प्रश्न त्यांनीं सुटला नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तरी जें कांहीं खरोखर हातीं आलें तें ह्या वाटेनें आलें. उलट आगीनें गांवास दिलें काय? मास्तर गेला, वैद्य गेला, ओसाड जोतीं राहिलीं. आणि “शेजारी फिरूं शकतो” ही भीति दोन पिढ्यांच्या मनांत घर करून बसली.

आणखी एक भेद येथें सांगितला पाहिजे. गांधीजींच्या खुनानंतर साने गुरुजींनीं २१ दिवसांचा उपवास केला. त्यांनीं खून केला नव्हता. तरी आपल्यांतील एकाच्या हातून असें घडलें ह्याचें दुःख त्यांनीं आपल्या देहावर घेतलें. आपल्या समाजाच्या पापाचा भार मनुष्यानें आपण होऊन घेणें हें थोर कृत्य आहे. परंतु तोच भार दुसऱ्यानें त्याच्या डोक्यावर लादणें हा जुलूम आहे. पहिल्यांत पश्चात्ताप आहे, दुसऱ्यांत सूड आहे. आणि दोघांची भाषा पुष्कळदां सारखी ऐकूं येते, म्हणून सावध असावें. पवित्र शास्त्र वाचणारांस ही गोष्ट नवी नाहीं. सदोमाचा नाश ठरला असतां अब्राहाम परमेश्वरापुढें उभा राहून नीतिमानांसाठीं विनवणी करितो, आणि पन्नासांपासून दहांपर्यंत खालीं येतो. यहेज्केल संदेष्टा तर बापाच्या पापासाठीं मुलास जबाबदार धरण्याची लोकांची जुनी म्हणच मोडून काढतो.

आतां मार्गांचा विचार करूं. अन्यायाशीं झगडूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. कसें झगडावें हें आमच्याच मुलखांतील थोर पुरुषांनीं दाखविलें आहे. फुल्यांनीं ब्राह्मणांच्या वर्चस्वावर जितकी कडक टीका केली तितकी क्वचितच कोणीं केली असेल. परंतु त्यांनींच १८६३ सालीं फसलेल्या विधवांसाठीं पुण्यास आश्रयगृह काढलें, आणि तेथें येणाऱ्या विधवा मुख्यत्वें ब्राह्मणच असत. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत ह्यास त्यांनीं व नायगांवच्या लेंकीनें, सावित्रीबाईंनीं, १८७४ सालीं दत्तक घेतलें. व्यवस्थेशीं वैर आणि त्याच व्यवस्थेंत जन्मलेल्या लेंकरावर माया, हीं दोन्ही एका घरांत नांदलीं. १९२७ सालीं महाडच्या सत्याग्रहाच्या वेळीं जेधे व जवळकर ह्या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनीं, ब्राह्मणांस बरोबर घेऊं नये, ह्या अटीवर पाठिंबा देऊं केला. बाबासाहेबांनीं ती अट नाकारली. आपला झगडा ब्राह्मण्याशीं आहे, ब्राह्मण व्यक्तींशीं नाहीं, ही त्यांची भूमिका होती. ता. २५ डिसेंबर रोजीं तेथें मनुस्मृति जाळण्यांत आली, आणि तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे हे स्वतः ब्राह्मण होते. तेथें अग्नि दिला तो पुस्तकास. कोणाच्या घरास नव्हे.

दुसरा मार्ग मुलांना एका पंक्तीस बसविण्याचा. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशीं सर्व मुलें तेथें एकत्र राहत, मिळून काम करीत, व एकाच चुलीवरचें अन्न खात. १९२७ सालीं गांधीजींनीं त्यास भेट दिली. ज्या मुलानें दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर पीठ मळलें व आजारांत त्याच्या उशाशीं बसला, त्यास पुढें कोणी “ती जातच तशी” म्हणून सांगूं लागला, तर त्याच्या डोळ्यांपुढें जात न येतां त्या सोबत्याचें तोंड येईल. पहिल्या मुळावर ह्याहून चांगलें औषध आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरा मार्ग गांवाच्या कामांत व सणांत एकमेकांचा वांटा राखण्याचा. वाळवे तालुक्यांतील गोटखिंडी गांवीं १९८० सालापासून गणपतीची मूर्ति मशिदींत बसविली जाते, आणि हिंदु व मुसलमान मिळून उत्सव पार पाडतात. कडेगांवच्या मोहरमांत उंच उंच ताबूत निघतात, आणि त्यांत हिंदु घराण्यांस परंपरेनें मान आहे. अशा चालीरीति अमोल आहेत. परंतु त्यांवर एकट्यावर विसंबून चालत नाहीं. मिरजेंत मीरासाहेबांच्या दर्ग्यावर उरुसांत सर्व जातिधर्मांचे गवई येऊन गातात, आणि तेथील शिकलगारांनीं घडविलेले तंबोरे व सतारी देशभर जातात. तरी २००९ सालीं तेथेंच दगड उडाले. एकत्र गाणें चांगलें, पण तरुणांस काम नसेल, तक्रारीस दाद नसेल, आणि कमान उभारण्यापूर्वीं चार वडीलधारी माणसें एकत्र बसत नसतील, तर गाणें पुरें पडत नाहीं.

शेवटीं आमच्या खेड्यांतील मंडळ्यांकडे वळूं. आपण संख्येनें थोडे आहों, आणि पुष्कळ ठिकाणीं कोणत्याच मोठ्या पक्षांत आपण मोडत नाहीं. “हे बाटगे, परक्यांचे” असा सरसकट शिक्का आपल्यावरही मारला जातो, आणि तो कसा लागतो हें आपण जाणतों. तर मग तोच शिक्का आपल्या हातीं कां असावा? मंडळींत लग्नाची गोष्ट निघाली कीं, मुलगा कोणत्या जातींतून आलेल्यांपैकीं, ही चौकशी आधीं होते. महारांतून आलेले व मांगांतून आलेले, अशा दोन चुली मंडळींत अद्यापि कोठें कोठें पेटतात. एकानें वाईट वर्तन केलें कीं, “त्यांच्यांतले तसेच,” असें प्रार्थनेहून परततांना बोललें जातें. मोठ्या जमावाच्या हातांतील पलिता आणि आपल्या तोंडांतील हें वाक्य, ह्यांत आकाराचा भेद आहे, जातीचा नाहीं. शेजारच्यांस शांति शिकविण्यापूर्वीं उपदेशक बंधूंनीं हें आपल्या अंगणांतून झाडून काढावें.

आणि वाईट बातमी येईल तेव्हां काय करावें, हेंही आधींच ठरवून ठेवावें. कारण त्या रात्रीं विचार करण्यास सवड नसते. प्रथम विचारावें, “कोणीं केलें?” मनुष्याचें नांव सांगतां येत नसेल आणि केवळ जात सांगितली जात असेल, तर तेथेंच बोलणें थांबवावें. मग विचारावें, “तूं पाहिलेंस कीं ऐकलेंस?” मोबाईलवर आलेला मजकूर पुढें धाडूं नये, आणि तरुणांस धाडूं देऊं नये. पोलिस पाटलास व सरपंचास तत्काळ कळवावें. आणि ज्या घरावर रोंख आहे असें दिसेल, त्या घरीं दिवस मावळण्यापूर्वीं चार माणसें घेऊन जाऊन बसावें. १९४८ सालींही कांहीं गांवीं शेजाऱ्यांनीं ब्राह्मण कुटुंबांस आपल्या माजघरांत लपविलें व रातोरात सुखरूप पोहोंचविलें. त्या लोकांनीं जुना अन्याय विसरून तसें केलें असें नाहीं. तो त्यांस पुरता ठाऊक होता. परंतु दारांत उभ्या असलेल्या भ्यालेल्या म्हाताऱ्याकडे तो हिशेब मागावयाचा नाहीं, एवढें त्यांस कळत होतें. तेवढें आपणांस व आपल्या मुलांस कळावें, म्हणून हा लेख लिहिला आहे. येत्या रविवारीं उपासनेनंतर तो मंडळींत वाचून दाखवावा, आणि आपल्या गांवांत कोणतें गाऱ्हाणें अजून दाद न लागतां पडून आहे, ह्याविषयीं वडीलमंडळींनीं एकत्र बसून बोलावें, अशी आमची सर्व बंधुभगिनींस विनंति आहे.